खोटा ठरवलेला नारिंगी : मेसा आर्चच्या एका प्रिंटचं प्रकरण

प्रिंट २४ बाय १६ इंचांची होती, चकचकीत कागदावर. आमच्या छायाचित्र मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी आलेल्या ढिगातून निवड समितीने ती पहिल्याच फेरीत बाजूला काढली. शेरा होता, ‘रंग अतिरंजित, नैसर्गिक वाटत नाही.’ चित्रात दगडाची एक बुटकी, रुंद कमान, तिच्या पोटाला पेटल्यासारखा नारिंगी रंग आणि कमानीतून दिसणारं खोल दरीतलं वाळवंट. परदेशी कॅलेंडरं चाळणाऱ्यांना जागा ओळखीची वाटेल. अमेरिकेतल्या यूटा राज्यात, कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातली ही मेसा आर्च.

फोटो काढणारे फोंड्याचे. स्वतःचा स्टुडिओ, मुख्य काम लग्नांचं, आणि सगळा तालुका त्यांना भाई म्हणतो. भाई रागावले नाहीत, पण हटलेही नाहीत. “रंग मी घातलेला नाही. होता तो टिपला,” एवढंच त्यांचं म्हणणं. समितीतले ज्येष्ठ सभासद म्हणाले, “भाई, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण दगड आतून असा पेटतो कधी?” शेवटी रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, काहीही बदल न केलेली मूळ फाइल) उघडून बघायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी एक फाइल घ्यायला नकार दिला आणि त्या प्रवासाचं अख्खं कार्ड मागून घेतलं. एका फाइलवरून रंगाचा निवाडा होत नाही. त्याच जागेचा दुसऱ्या वेळचा फोटो शेजारी ठेवला तरच कळतं की रंग दगडाचा, उजेडाचा की सॉफ्टवेअरचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. नारिंगी खरा होता आणि प्रिंट मात्र चुकलेली होती. समितीने बोट चुकीच्या जागी ठेवलं होतं, आणि भाई ज्याचा बचाव करत होते त्याला बचावाची गरजच नव्हती.

बेत

भाईंची मुलगी सॉल्ट लेक सिटीला असते. लग्नाच्या फोटोग्राफरला मोकळीक मिळते ती चातुर्मासात. दसरा झाला तरी तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसतात, ती फट भाईंनी पकडली आणि ऑक्टोबरअखेर तिकडे पोचले. सॉल्ट लेक सिटीहून मोआब हे गाव गाडीने चारेक तासांवर. गाडी जावयांनी चालवली. या दिवसांत तिथला उन्हाळ्याचा कडाका उतरलेला असतो आणि सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो, म्हणजे पहाटेच्या फोटोसाठी मध्यरात्री उठावं लागत नाही. साठीच्या माणसाला हा मुद्दा लहान नाही.

मोआबजवळच्या एकट्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात नोंद झालेल्या कमानी दोन हजारांहून जास्त आहेत. एका दिशेने निदान तीन फूट आरपार भोक असलं की कमान म्हणून नोंद होते, त्यामुळे आकडा फुगतो. भाईंनी यादी तीनवर आणली: डेलिकेट आर्च, मेसा आर्च, आणि दक्षिणेला दोन तासांहून जास्त अंतरावरच्या नॅचरल ब्रिजेस राष्ट्रीय स्मारकातला ओवाचोमो पूल. मला ही यादी पटली, कारण तिन्ही ठिकाणी उजेड वेगळ्या वाटेने येतो.

कमान आणि पूल यांच्या घडणीतला फरक फोटोग्राफरच्या थेट कामाचा आहे. पूल वाहत्या पाण्याने कोरलेला असतो. वळणं घेत जाणारा ओढा मधल्या अरुंद भिंतीला दोन्ही बाजूंनी धडका देत राहतो आणि एक दिवस आरपार जातो. कमानीला ओढा लागत नाही. आर्चेसच्या पोटात मिठाचा जाड थर आहे. तो सरकला, फुगला, तसे वरचे वालुकाश्माचे थर समांतर भेगांनी चिरले गेले आणि त्यातून उभ्या पातळ भिंती सुटल्या. पुढचं काम झिरपणारं पाणी, हिवाळ्यात त्याचं होणारं बर्फ आणि गुरुत्वाकर्षण करतात. म्हणून कमान बहुधा कड्यावर, धारेवर सापडते आणि तिच्यामागे आकाश असतं. पूल दरीच्या तळाशी असतो आणि त्याच्यामागे त्याच रंगाची भिंत. सिपापू हा नॅचरल ब्रिजेसमधला सर्वात मोठा पूल २२० फूट उंच आहे, पण रस्त्यावरच्या सज्जातून बघणाऱ्याला तो पटकन सापडत नाही. दगडात दगड मिसळून जातो. पुलाचा फोटो हवा असेल तर खाली उतरून, त्याच्या पोटाखाली उभं राहून आकाशाकडे बघावं लागतं.

सामानातून एक गोष्ट मी काढायला लावली होती: लग्नातला एलईडी पॅनल. रात्री कमानीवर उजेड टाकून फोटो काढण्याची तिथे पूर्वी फार चाल होती. आता या उद्यानांत तसा उजेड टाकायला बंदी आहे. मुळात लोक का चिडले हे समजायला २००० सालची एक गोष्ट पुरे. एका नावाजलेल्या छायाचित्रकाराने शिकाऊ मंडळींना दाखवायला डेलिकेट आर्चखाली जाळ केला, दगडावर डाग पडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि शिक्षा झाली. ड्रोनही चालत नाही. भाईंनी पॅनल मुकाट्याने कपाटात ठेवला, पण सिलिका जेलच्या पुड्या मात्र बॅगेत भरल्याच. गोव्यात जन्म काढलेल्या माणसाला लेन्सच्या बुरशीची भीती वाळवंटातही सोडत नाही.

कार्डावरचे फोटो

डेलिकेट आर्चचे फोटो बरे आहेत, यापेक्षा जास्त नाहीत. सव्वादोन किलोमीटरच्या वर चढ, बराचसा उघड्या खडकावरून, आणि शेवटी एका मोठ्या वाडग्यासारख्या खोलगटाच्या काठावर सोळाएक मीटर उंचीची ती एकटी कमान. मावळतीचं ऊन समोरून थेट पडतं. तेव्हा कमान, वाडगा, माणसं, सगळ्यांवर एकच तांबूस रंग चढतो. वाइड लेन्सने मागचे ला साल डोंगर मुंगीएवढे झाले. मागे सरकून १०० मिमीने काढलेल्या फोटोत ते कमानीच्या खांद्याला आले आणि तोच एक फोटो उभा राहिला. बाकी कमानीखाली पाळीपाळीने उभे राहणारे प्रवासी.

ओवाचोमोचे रात्रीचे फोटो मला जास्त आवडले. ५५ मीटरचा पल्ला आणि माथ्याची जाडी अवघी तीनेक मीटर. ज्या ओढ्याने तो कोरला तो आता दुसरीकडून वाहतो. नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. पॅनल नसल्यामुळे पूल काळाच आला, वर आकाशगंगा तिरकी. एफ २.८, २० सेकंद, आयएसओ ३२००. पॅनल असता तर दगडाचा पोत दिसला असता आणि आकाश पडदा झालं असतं.

आणि मग मेसा आर्च. कॅन्यनलँड्समध्ये ‘आयलंड इन द स्काय’ नावाचं उंच पठार आहे, त्याच्या पूर्वेच्या कड्यावर अगदी टोकाला ही कमान बसली आहे. गाडीतळापासून दहा-पंधरा मिनिटांची चाल, त्यामुळे अंधारातच ट्रायपॉडला ट्रायपॉड भिडतात. भाई पोचले तेव्हा मधली जागा गेलेली. त्यांनी डावीकडे, गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा लावला. लग्नात व्हिडिओवाल्याच्या कोपराखालून फोटो काढायची सवय कामी आली, असं ते सांगतात. खाली बसल्यामुळे कमानीचं पोट जास्त दिसलं, आणि पोटच तर हवं होतं.

सेटिंग नोंदलेली आहेत: आयएसओ १००, एफ १६, दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने पाच फोटो, अर्ध्या सेकंदापासून एक पाचशेअंश सेकंदापर्यंत. यातला १/८ चा फोटो कमानीसाठी आणि १/१२५ चा आकाशासाठी वापरून दोन्ही जोडलेले. एफ १६ च्या बारीक छिद्रामुळे क्षितिजावर सूर्याचे टोकदार किरण आले. ट्रायपॉड, केबल, सगळं जागच्या जागी. टिपण्याच्या बाबतीत खोट काढायला जागा नाही.

तो रंग येतो कुठून

इथे थोडं थांबायला हवं, कारण समितीचा प्रश्न इथेच होता. फोटो काढणारा पूर्वेकडे तोंड करून उभा असतो. सूर्य कमानीच्या पलीकडे. म्हणजे आपल्याकडची बाजू सावलीत, आणि पोटावरही थेट ऊन नाही. मग उजेड कुठला? कमानीच्या पलीकडे कडा सरळ खाली तुटलेला आहे, शेकडो फूट. उगवतीचं ऊन त्या कड्यावर आदळतं आणि उसळून वर, कमानीच्या पोटाला लागतं. मेसा आर्च ज्या नवाहो वालुकाश्माची आहे तो सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा दगड, फिकट पिवळसर. त्याखालचे थर तांबडे, कारण क्वार्ट्झच्या कणांवर लोह ऑक्साइडचा पातळ लेप आहे. आधीच तांबूस झालेलं सकाळचं ऊन तांबड्या भिंतीवरून उसळून फिकट दगडावर पडतं. दगडाचा स्वतःचा रंग नारिंगी नाही. उजेड नारिंगी आहे.

कार्डात भाईंनी त्याच कमानीचा दुपारचा एक फोटो घेतला होता, निघता निघता, कुटुंबाला समोर उभं करून. त्यात कमान बिस्किटाच्या रंगाची आहे. समितीला मी आधी तोच दाखवला. ज्येष्ठ सभासदांचा चेहरा उजळला: “बघा, हा खरा रंग.” मग शेजारी सकाळची रॉ फाइल लावली, एकही पट्टी न हलवता, व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारा आकडा; वाढवला की फोटो तांबूस, उतरवला की निळसर) ५२०० केल्विनवर. पोट नारिंगीच होतं. शांतता पसरली, पण पटलं असं वाटलं नाही.

त्यांच्या हट्टामागे एक जुना विचार आहे आणि तो मला मान्य आहे. निसर्गातल्या या गोष्टी टिकत नाहीत. १९९१ च्या सप्टेंबरात आर्चेसमधल्या लँडस्केप आर्चच्या पातळ भागातून १८ मीटर लांबीची शिळा निसटून खाली पडली. २००८ च्या ऑगस्टमध्ये तिथलीच वॉल आर्च एका रात्रीत कोसळली. अशा कमानीचा फोटो उद्या एकमेव पुरावा ठरू शकतो, म्हणून रंगाशी खेळू नये, हे त्यांचं म्हणणं. फक्त पुरावा म्हणजे दुपारचा उजेड, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. बिस्किटी रंगाला खरा आणि नारिंगीला खोटा म्हणायला काही आधार नाही. दोन्ही एकाच दगडावर पडलेले दोन उजेड आहेत.

चिऱ्याची भिंत

पटवून द्यायला वाळवंट लागलं नाही. मंडळाची बैठक ज्या घरी होते त्याचं आवार गिलावा न केलेल्या, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं आहे. दुपारी चारला पश्चिमेचं ऊन एका भिंतीवर भरून पडलं होतं. भिंतीसमोर घराची सावली, सावलीत मी एक पांढरा पुठ्ठा धरला, आधी आकाशाकडे तोंड करून आणि मग भिंतीकडे. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर कुलूपबंद. पहिल्या फोटोत पुठ्ठा निळसर, दुसऱ्यात गाजराच्या किसासारखा. जांभ्या दगडातही लोहाची ऑक्साइडंच; कारागीर तोच, गाव वेगळं.

भाई हसत होते, कारण हे त्यांच्या रोजच्या डोकेदुखीचं कारण होतं. मार्दोळ, कवळे, रामनाथी इथल्या लग्नांत जोडप्याला बाहेर आणून उभं केलं की चिऱ्याच्या भिंतीचा आणि तांबड्या मातीचा रंग नवऱ्याच्या पांढऱ्या कुडत्यावर खालून चढतो. हनुवटीखाली तर हमखास. गिऱ्हाईक म्हणतं, “भाई, कुडता मळका दिसतोय.” मग घरी बसून तो कास्ट, म्हणजे चढलेली रंगाची झाक, काढायचा. आयुष्यभर भाईंनी उसळून आलेला तांबडा उजेड पुसण्याचे पैसे घेतले. मेसा आर्चवर तोच कास्ट म्हणजे चित्र होतं. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स बिचारा लग्नाच्या फोटोग्राफरसारखाच वागतो: तांबडेपणा जास्त दिसला की पुसायला धावतो. मागच्या पडद्यावर फिका फोटो बघून माणसाला वाटतं की नंतर रंग ‘परत’ आणावा लागेल. इथेच प्रिंट बिघडली.

प्रिंटमध्ये काय झालं

भाईंचे सॉफ्टवेअरमधले टप्पे उलटे चालवून बघितले. ऑटोने फोटो ४७०० च्या आसपास नेला होता. तो त्यांना थंड वाटला म्हणून त्यांनी थेट ६८०० केलं, वर रंग गडद करणारे व्हायब्रन्स आणि सॅच्युरेशन दोन्ही चढवले, तेही पूर्ण फोटोवर. पोट नारिंगी होतंच, ते लालभडक झालं. पण खरा घोटाळा पोटात नव्हता. कमानीची आपल्याकडची बाजू सावलीत असते, तिच्यावर फक्त आकाशाचा उजेड, म्हणून ती किंचित निळसर करडी असायला हवी. खालच्या दरीत सकाळचं धुरकट निळं वातावरण असतं. ‘वॉशर वुमन’ नावाचा सुळका त्यातून वर येतो. भाईंच्या प्रिंटमध्ये ही सावलीतली बाजूही नारिंगी होती, दरीही नारिंगी, सुळकाही. एका उजेडाचा रंग सगळ्या उजेडांना लावला गेला होता. समितीच्या डोळ्याला तेच खुपत होतं, पण बोट गेलं ते सगळ्यात भडक जागेवर.

त्यावर उपाय असा की ऐकणाऱ्याला आधी विनोद वाटतो: फोटो थंड करायचा. ६८०० वरून ५२०० वर आलो, सॅच्युरेशन शून्यावर आणलं. सावलीतली बाजू निळसर झाली, दरीत हवा भरली, आणि पोट आधीपेक्षा जास्त पेटलेलं दिसू लागलं. मोजून बघितलं तर पोटाचा रंग आधीपेक्षा फिकाच होता. शेजारी निळं आलं म्हणून डोळ्याला तो गरम वाटला. भाईंनी दोन्ही फोटो पडद्यावर आलटून पालटून बघितले आणि म्हणाले, “म्हणजे मीच तो बुजवला होता.”

दुसरी खोट हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखात होती. एकत्रित आलेख व्यवस्थित दिसत होता, पण लाल चॅनेल उजवीकडे भिंतीला टेकलेलं. अशा ठिकाणी लाल आधी जळतो आणि पोटावरच्या दगडाचे थर, वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या तिरक्या रेघा सपाट होतात. वाळवंटात फोटो काढताना कॅमेऱ्यावर तिन्ही रंगांचे वेगळे आलेख लावून ठेवावेत. ब्रॅकेटिंग केलेलं, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे ते पाच फोटो काढलेले असल्यामुळे इथे निभावलं: पोटाच्या सर्वात उजळ भागासाठी १/३० चा फोटो आत घेतला आणि रेघा परत आल्या.

कागद बदलायला भाई पटकन तयार झाले नाहीत. लग्नाच्या अल्बमची सवय, चकचकीत हवं. पण चकचकीत कागदाने सभागृहातल्या ट्यूबलाइट आरशासारख्या दाखवल्या असत्या, आणि सावलीतला निळा त्यात पहिला मेला असता. मॅट कॉटन कागदावर लाल रंगाची झेप कमी असते, म्हणून त्या कागदाचं प्रोफाइल (तो कागद रंग कसे दाखवतो याची फाइल) लावून पडद्यावर आधी तपासणी केली आणि पोटाचा भाग जरा उतरवला. आकारही १८ बाय १२ वर आणला. माझा सल्ला इतका लहान नव्हता. तो भाईंचा निर्णय.

प्रिंट तपासली ती खिडकीशी, सकाळी अकराच्या उजेडात. समितीने तिथेच दुसऱ्यांदा पाहिली. एक सभासद अजूनही म्हणाले की नारिंगी जरा जास्तच आहे. त्यांना दुपारचा फोटोही शेजारी टांगायला हवा होता. भाईंनी साफ नकार दिला, कारण त्यात बायको-मुलगी उभ्या आहेत आणि जावयांचे डोळे मिटलेले आहेत. तडजोड पाटीवर झाली: जागा, महिना, सूर्योदयानंतरची वेळ, व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विन, तीन फोटो जोडलेले. पुढच्या वर्षीपासून निसर्ग विभागातल्या प्रत्येक प्रवेशिकेबरोबर रॉ फाइल मागायची, असंही त्याच बैठकीत लिहून घेतलं. भाई आता त्यांच्या जुन्या लग्नांच्या कार्डांतून चिऱ्याच्या भिंतीचे न पुसलेले फोटो शोधत बसले आहेत, आणि त्यातले दोन-तीन मला खरंच प्रदर्शनाच्या लायकीचे वाटतात.